पॅनिक अटॅक आणि डिप्रेशन: या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या करून बसलेय)

छातीत धडधड, तळव्यांना घाम, बोटांना मुंग्या, आता काही आपण वाचत नाही अशी पक्की खात्री, आणि तासाभराने ईसीजी एकदम नॉर्मल. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना जास्त सांगायला नको.

पहिली चूक श्वासाची. शेजारचा माणूस म्हणतो "मोठा श्वास घे", आणि आपण भात्यासारखे भसाभस श्वास ओढायला लागतो. त्यानेच रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग चक्कर येते, ओठ बधिर होतात, मुंग्या वाढतात, आणि आपल्याला वाटतं हवाच पुरत नाहीये. लक्ष श्वास सोडण्याकडे हवं. नाकाने ४ आकडे मोजत आत, ६ मोजत हळू बाहेर, बास. आणि ते कागदी पिशवीत श्वास घेणं नकोच, त्रास दम्याचा किंवा हार्टचा निघाला तर महागात पडेल.

दुसरी चूक म्हणजे अटॅकशी मारामारी. मी मनगटावरच्या घड्याळात पल्स बघत बसायचे, ११८, मग घाबरून १२६, मग १३१! धडधडीला घाबरायचं आणि त्या भीतीने धडधड अजून वाढवायची. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं होतं, की शरीरातल्या साध्या बदलाचा आपण भयंकर अर्थ लावतो आणि तिथेच गाडी घसरते. अटॅक साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपला आपण उतरतो. त्याला येऊ द्यायचं, बसू द्यायचं. घड्याळ मात्र काढून ठेवा.

हां, पण पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर "पॅनिकच असेल" असं घरी बसून ठरवू नका, सरळ इमर्जन्सीत जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन हेही एकदा बघून घ्यावं. रिपोर्ट नॉर्मल आले की मात्र दर महिन्याला नवीन डॉक्टर शोधायचा नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि डिप्रेशन बऱ्याचदा याच दाराने आत येतं. टाळणं. लिफ्टमध्ये अटॅक आला म्हणून मी लिफ्ट सोडली, मग गर्दीची बस, मग मैत्रिणींचे प्लॅन, मग एकटीने कुठे जाणंच. प्रत्येक वेळी "आज नको" म्हटलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटकेनेच भीती पक्की होत गेली. सहा महिन्यांत अटॅक खरंच कमी झाले, कारण आयुष्यच खोलीएवढं झालं होतं. मग सकाळी उठवेना, आवडीचं काही बघावंसं वाटेना, आपण सगळ्यांना ओझं झालोय असे विचार. याचं उलटंही होतं बरं का, आधी डिप्रेशन आणि त्यात मधेच पॅनिक.

आणि मी डॉक्टरांना सांगितलं काय, तर फक्त धडधड! उदासपणा, झोप, भूक, काहीच नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त मन मेल्यासारखं असेल तर ते आधी सांगा. दोन्ही एकत्र असलं की त्रास जास्त असतो आणि आत्महत्येचे विचार येण्याचा धोकाही. तसे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, आत्ता जवळच्या कुणाला तरी सांगा, हेल्पलाइनला फोन करा, एकटं राहू नका.

गोळ्यांचं थोडक्यात. एसएसआरआय गटातली औषधं (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी) पॅनिक आणि डिप्रेशन दोन्हींवर चालतात, पण फरक पडायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी उलट वाढू शकते, म्हणून बरेच डॉक्टर कमी डोसने सुरू करतात. तिसऱ्याच दिवशी "सूट होत नाही" म्हणून मनाने बंद करू नका, फोन करून विचारा. बरं वाटल्यावरही एकदम सोडायची नाहीत. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, आणि दारूने रात्र निघते पण दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसुली होते.

सोबत सीबीटी थेरपी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे उपचार, घेतली तर उत्तम. माझ्या थेरपिस्टने मला खुर्चीत बसवून मुद्दाम एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावले, तीच चक्कर, त्याच मुंग्या. (घरी स्वतःच्या मनाने करू नका.) मग म्हणाली, "आता काहीच करू नका, नुसत्या बसा." दोन-तीन मिनिटांत सगळं उतरलं, आधाराला नेलेली पाण्याची बाटली पर्समध्येच राहिली. पुढच्या आठवड्याचा होमवर्क होता लिफ्ट, एकच मजला.