आपला उमेदवार प्रायमरी हरतोय? मग हे करा (आणि दाजींना रात्री मेसेज करू नका)

आधीच सांगून टाकतो, मी कोथरूडचा, पासपोर्ट भारताचा, अमेरिकेत मला मत नाही, आणि तरीसुद्धा ४ मार्च २०२० ला सकाळी डेमोक्रॅट पक्षाच्या प्रायमरीत (म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षातच होणाऱ्या निवडणुकीत) बर्नी सँडर्सच्या हातून मिनेसोटा गेलं म्हणून मी पोहे न खाता ऑफिसला निघालो होतो. आई दारापर्यंत मागे आली, कोण गेलं रे म्हणून. तिला काय सांगणार, की व्हर्माँटचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा आहेत, ते गेले नाहीयेत, फक्त मागे पडलेत.

पुण्यात माझ्यासारखे बरेच आहेत. कुणाची मुलगी टेक्सासला, कुणाचा भाऊ बे एरियात, आमची ताई न्यू जर्सीत एडिसनला. ती आणि दाजी दोघंही तिथले नागरिक, दोघांना मत. ताई बर्नीची, दाजी बायडनचे. तेव्हा जे काय शिकलो ते पुढच्या वेळेला कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून लिहितोय, पक्ष कुठलाही असो.

सगळ्यात आधी झोप. रात्रभर जागू नका. मतदान तिकडे मंगळवारी असलं तरी निकाल आपल्याकडे बुधवारी सकाळी येतात, पूर्वेकडची बरीच केंद्रं रात्री आठला बंद होतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी घड्याळं पुढे केली की साडेपाच. कॅलिफोर्निया तर अजून तीन तासांनी बंद होतं. म्हणजे रात्री दोन वाजता तुम्ही जे बघताय तो निकाल नसतो, टेबलाभोवती बसलेल्या लोकांनी मारलेले अंदाज असतात. आणि पहिल्या तासाच्या आकड्यावर पेढे आणू नका हो. टेक्सासमध्ये त्या दिवशी बर्नी सकाळी पुढे होता, कारण आधी टाकलेली मतं आधी मोजली गेली होती, मी डबा उघडेपर्यंत बायडन पुढे गेला आणि राज्य त्याच्याच खात्यात गेलं.

आता गणित. हे मनापासून करा कारण बाकी सगळं यावर आहे. आपल्याकडे कसब्यात एका मताने पुढे असलात तरी आमदार तुम्हीच, प्रायमरीत तसं नसतं. डेमोक्रॅट पक्षात प्रत्येक राज्याचे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटतात, आणि १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर काहीच नाही (आपलं डिपॉझिट वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात, साधारण तसलाच प्रकार समजा). म्हणजे शंभर डेलिगेटचं राज्य तुम्ही ५२-४८ ने जिंकलात, टीव्हीवर फुगे, ग्रुपवर फटाके, आणि प्रत्यक्षात मिळाली चारची आघाडी.

कागद घ्या. समजा तुम्ही ३०० ने मागे आहात आणि अजून २००० डेलिगेट वाटायचे बाकी आहेत. बरोबरीला यायला त्या २००० मधले ११५० तुम्हाला पाहिजेत, म्हणजे साडेसत्तावन्न टक्के, म्हणजे राहिलेल्या प्रत्येक राज्यात पंधरा टक्क्यांच्या फरकाने जिंकायचं. ठीक आहे, अवघड आहे पण होईल असं वाटतं. मग पुढचं ४०० चं राज्य तुम्ही ६०-४० ने हरता. आता मागे ३८०, बाकी १६००, आणि लागणार जवळपास ६२ टक्के. मी हे ऑफिसच्या वहीत केलं होतं, तिसऱ्या ओळीला पेन खाली ठेवलं. मोमेंटम, हवा, गर्दी, सभेचे ड्रोन फोटो, काही काही या ओळीत बसत नाही. हा आकडा साठच्या पुढे गेला की मनातून समजून घ्यायचं, बाहेर सांगायची घाई नाही. नाहीतर काय होतं ना, मिरवणूक अलका चौक ओलांडून गेलेली असते आणि आपण अजून बेलबाग चौकात ढोल बडवत असतो.

रिपब्लिकनांकडे नियम राज्यागणिक वेगळे, ते आधी वाचा. २०२४ ला ट्रम्पविरुद्ध लढणाऱ्या निकी हेलीला साउथ कॅरोलायनात, ती जिथं गव्हर्नर होती तिथं, ३९ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि ५० पैकी डेलिगेट मिळाले ३. टक्केवारी बघून खूश झालेल्यांना हे दुसऱ्या दिवशी कळलं.

उमेदवार बाहेर पडतो तेव्हा तो हरलो असं म्हणत नाही. मोहीम स्थगित करतोय असं म्हणतो. आमच्या ग्रुपवरचा एक कॉलेजचा मित्र या ‘स्थगित’ शब्दावर आठवडाभर जगला, स्थगित म्हणजे परत सुरू होऊ शकते ना, म्हणून. नाही रे बाबा. स्थगित म्हणायचं कारण म्हणजे मिळालेले डेलिगेट हातात राहतात. बुडत्याला काडीचा आधार ठीक आहे पण ही काडी पण नाही.

बर्नीने २०२० च्या ८ एप्रिलला तेच सांगितलं, बर्लिंग्टनच्या घरातून, ऑनलाइन. आपल्याकडे रात्रीची जेवणं चालली होती, लॉकडाऊन, तीनच दिवसांपूर्वी सगळ्यांनी गॅलरीत दिवे लावलेले. आणि इथे मी माती खाल्ली. रात्री साडेअकराला दाजींना लिहिलं, ‘तुमच्यासारख्या घाबरट लोकांमुळे झालं हे.’ दाजींनी अंगठा पाठवला. नुसता अंगठा. तीन आठवड्यांनी बाबांची बीपीची गोळी कुठे मिळेना, तीन दुकानं पालथी घातली, तेव्हा दाजींनीच तिथून त्यांच्या सदाशिव पेठेतल्या मित्राला फोन लावून पाकिटं घरपोच केली, आणि मला थँक्यू म्हणायला तोच चॅट उघडावा लागला. वरती माझा मेसेज, खाली अंगठा, आणि त्याच्याखाली मी टाइप करतोय ‘दाजी, खूप आभार’.

तर त्या रात्री करायचं काय, उमेदवाराचं भाषण शेवटपर्यंत ऐका, मग फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावा. अगदीच राहवत नसेल तर एवढंच लिहा, ‘अभिनंदन. आज बोलायचा मूड नाही, रविवारी बोलू.’ यात खोटं काही नाही आणि नंतर स्क्रीनशॉट आला तरी लाज वाटत नाही. चोवीस तास काहीही फॉरवर्ड करायचं नाही, विशेषतः ज्यात ‘हे बघा मीडिया दाखवत नाही’ असं लिहिलंय ते तर अजिबातच नाही.

आणि एक वाक्य डोक्यातून काढून टाका, लोकांना कळत नाही. हे मी फार म्हटलंय. साउथ कॅरोलायनात २०२० च्या २९ फेब्रुवारीला बायडनला अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या वर मतं पडली, तिथल्या डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याच्या वर कृष्णवर्णीय, ज्यांच्या आजी-आजोबांना मत टाकायला मार खावा लागला होता. त्यांना मताचं कळत नाही आणि मला डहाणूकर कॉलनीत बसून कळतं, छान.

दुसरी आमची बोंब सेटिंगची. शर्यतीतल्या उमेदवारांपैकी १ मार्चला बुटिजेज बाहेर, २ ला क्लोबुशार बाहेर, दोघांचा रात्रीपर्यंत बायडनला पाठिंबा, आणि ३ तारखेला चौदा राज्यांचं मतदान, त्यातली दहा बायडनला. आम्ही म्हटलं बघा, कट! अरे, आपल्याकडे महापालिकेला अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत काय चालतं मग? बंडखोराला कोण भेटायला गेलं, कुठे चहा झाला, हे आपण चवीने सांगतो, त्याला राजकारण म्हणतो. तिकडे झालं की कट.

म्हणजे तक्रार करूच नका असं नाही, उलट खरी तक्रार चाळून वेगळी काढा. २०१६ ला बर्नीच्या लोकांच्या दोन तक्रारी होत्या. एक, निवडणूक चोरली. समोरच्या हिलरी क्लिंटनला बर्नीपेक्षा साधारण ३७ लाख मतं जास्त होती, तेव्हा ही टिकत नाही. दुसरी, सातशेच्या वर सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे खासदार-पदाधिकारी वगैरे, ज्यांना कुणी प्रायमरीत निवडून दिलेलं नाही, ते स्वतःच्या मर्जीने मत देतात आणि मतदान सुरू व्हायच्या आधीपासून हिलरीच्या रकान्यात मोजले जातात. ही टिकणारी होती. ती लोकांनी पक्षाच्या समितीत नेली, दोन वर्षं बैठकांत बसले, आणि २०१८ ला नियम बदलला, चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही. रागावलेले सगळेच होते, बैठकीला जाऊन बसले ते थोडे, आणि नियम त्या थोड्यांनी बदलून घेतला.

याच्याही आधी १९६८. ह्युबर्ट हम्फ्रे एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाला, बाहेर पोलिसांच्या लाठ्या, आत आरडाओरडा. त्याच उमेदवारीसाठी लढलेल्या युजीन मॅकार्थीची जी पोरं हरली त्यांच्या रागातून पक्षाला समिती नेमावी लागली आणि १९७२ पासून आत्ताची ही प्रायमरीची पद्धत आली. म्हणजे आपण जी प्रायमरी हरल्याबद्दल रडतोय तीच मुळात हरलेल्यांनी मिळवलेली आहे. (त्या समितीचा अध्यक्ष मॅकगव्हर्न, तोच १९७२ ला उमेदवार झाला आणि मग ५० पैकी ४९ राज्यं हरला, ती गंमत वेगळीच.)

पैशाचं थोडक्यात. भारतीय पासपोर्ट असेल तर एक डॉलरही देऊ नका, परदेशी नागरिकांनी दिलेली देणगी तिथे बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, एच-वन-बीवाल्यांना नाही. मोहिमेच्या दुकानातला टी-शर्ट घेतला तरी ती देणगीच, आणि ‘ताई मी तुला पैसे पाठवतो, तू तुझ्या नावाने भर’ हेही चालत नाही, मी विचारून झालंय. ज्यांनी रीतसर दिलेत त्यांनी कार्डाचं स्टेटमेंट उघडून दरमहा कापायचं सेटिंग बंद करा. ईमेल मात्र येत राहतील, त्या याद्या एकाकडून दुसऱ्याकडे फिरतात, ताईला अजून कुठल्या कुठल्या राज्यातले उमेदवार ‘मैत्रीण’ म्हणून लिहितात.

ज्यांना मत आहे त्यांनी मत टाका, उमेदवार बाहेर पडला असला तरी. नाव बहुतेक वेळा मतपत्रिकेवर असतं आणि डेलिगेट मिळू शकतात, ते अधिवेशनात पक्षाचा जाहीरनामा आणि नियम ठरवताना कामाला येतात. न्यू जर्सीची प्रायमरी त्या वर्षी कोविडमुळे ढकलत ७ जुलैवर गेली, बर्नी जाऊन तीन महिने झालेले, ताईने तरी पोस्टाचं पाकीट भरलं, सही केली, आणि दाजींच्या पाकिटाबरोबर एकाच पेटीत टाकून आली. हेली ६ मार्च २०२४ ला बाहेर पडली, तरी ७ मेला इंडियानात तिला २१ टक्क्यांच्या वर मतं पडली. फक्त नोंदणीची तारीख सांभाळा, काही राज्यांत त्या पक्षाचे नोंदवलेले मतदार नसाल तर दारातच अडवतात. २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये इव्हान्का आणि एरिक ट्रम्प या खुद्द ट्रम्पच्या मुलांची ती तारीख हुकली होती आणि बापाला मत देता आलं नाही. आपली मतदारयादीतली नावं गायब होतात ते काहीच नाही यापुढे.

जिंकलेल्या बाजूचं कोणी वाचत असेल तर तुम्हालाही एक सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता तरी सगळे एकत्र या’ म्हणू नका. बर्नीने पाच दिवसांत बायडनला पाठिंबा दिला, ताईला सप्टेंबर उजाडला. दाजींनी पाच महिन्यांत एकदाही विषय काढला नाही. नोव्हेंबरात तिने बायडनलाच मत दिलं, पण विचारलं असतं ना, तर दिलं नसतं, ती आमच्या आईची मुलगी आहे.

आणि ग्रुप डिलीट करू नका, म्यूट करा. रेगन १९७६ ला उमेदवारीच्या लढतीत फोर्डकडून हरला आणि १९८० ला निवडून आला. बायडन १९८७ ला पहिल्या मतदानाच्या आधीच बाहेर, २००८ ला आयोवानंतर, म्हणजे पहिल्याच राज्यानंतर, लगेच बाहेर, आणि २०२० ला तोच निवडून आला. कमला हॅरिस डिसेंबर २०१९ मध्येच बाहेर पडली होती, आयोवा यायच्या आधी.

आमचा ग्रुप चार वर्षं म्यूटवर होता. २१ जुलै २०२४, रविवार, रात्री अकरा वाजून गेलेले, बायडनने उमेदवारी सोडली. मी चॅट उघडून बसलो, काय काय लिहिता आलं असतं. तेवढ्यात दाजींचाच मेसेज आला, ‘आज बोलायचा मूड नाही. पुढच्या रविवारी.’ मी अंगठा पाठवला.

पुढच्या रविवारपर्यंत इकडे खडकवासल्याचं पाणी सोडून सिंहगड रोडला एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं, दाजींचा आतेभाऊ तिथेच तळमजल्यावर, गाडी पाण्यात, फ्रिज पाण्यात. तासभर बोललो. फोन ठेवताना दाजी म्हणाले, अरे ते बायडनचं राहिलंच. म्हटलं, राहू दे.