युजर अकाउंट बिघडलं? आधी ते टूल बंद करा

लिनक्सच्या पीसीवर युजर मॅनेज करायच्या खिडकीत काहीतरी बदललं आणि आता सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने काम करायची कमांड) चालत नाही, किंवा लॉगिन स्क्रीनवरून नावच गायब, किंवा पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होते न् परत तिथंच येऊन उभी राहते, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या जळगाव-धुळ्याकडे शाळेच्या लॅबमध्ये, अभ्यासिकेत, कृषी केंद्राच्या काउंटरवर जुने पीसी उबंटू नाहीतर मिंट टाकून मस्त चालतात, पण एका मशीनवर तीन-चार युजर असतात आणि गडबड झाली की फॉरमॅट मारून देणारा लगेच सापडतो. फॉरमॅट मारू नका भो. बहुतेक वेळा तुमचा डेटा जागच्या जागी असतो, बिघडलेली असते ती फक्त एक-दोन ओळींची नोंद.

पहिलं काम, ते टूल, म्हणजे युजर मॅनेज करायची ती खिडकी, बंद करा आणि परत उघडू नका. कारण सांगतो. लिनक्समध्ये अकाउंट म्हणजे ईटीसी फोल्डरमधल्या चार साध्या टेक्स्ट फाईली: पासडब्लूडी (पी-ए-एस-एस-डब्लू-डी), शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो. यातल्या कुठल्याही फाईलमध्ये सिस्टिमच्या कमांडने बदल झाला की आधीची कॉपी त्याच फोल्डरमध्ये त्याच नावापुढे एक डॅश लावून ठेवली जाते. म्हणजे चूक होण्याआधीची फाईल तुमच्याकडे आहेच, पण ती फक्त शेवटच्या एका बदलाच्या आधीची. तुम्ही घाबरून टूलमध्ये परत टिक मारली, काढली, नवीन युजर केला, की प्रत्येक वेळी डॅशवाली कॉपी नव्याने लिहिली जाते आणि चांगली फाईल हातची जाते. नुकसान टूल जेवढं करतं त्याहून जास्त या पुढच्या क्लिकांनी होतं, हे मी परत परत पाहिलंय.

आता रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर म्हणून, आत शिरायचं. पीसी चालू करताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर एस्केप दाबा, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनू येईल, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिकव्हरी मोड आणि मग रूट शेल. डेबियनवर कधी कधी रूट अकाउंट लॉक आहे असं म्हणून आत घेत नाही, तेव्हा ग्रबमध्येच ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत आर-ओ खोडून आर-डब्लू करा, ओळीच्या शेवटी स्पेस देऊन इनिट, बरोबरचं चिन्ह, स्लॅश बिन स्लॅश बॅश असं लिहा आणि एफ १० दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो. (कमांड मी फोनवर सांगतो तशाच इथे लिहितोय, सगळी अक्षरं स्मॉल, कॅपिटल असेल तिथे मोठा म्हणेन, आणि रेघ फक्त डॅश म्हणेन तिथेच टाका.)

रिकव्हरीत डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. म्हणून आधी माउंट डॅश ओ रिमाउंट कॉमा आर-डब्लू, स्पेस, स्लॅश. हे विसरलं की पुढे प्रत्येक कमांड 'पासडब्लूडी लॉक करता येत नाही, नंतर प्रयत्न करा' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज देते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. रिमाउंट करूनही तोच मेसेज आला तर टूल अर्धवट मेलंय किंवा मधेच लाईट गेलीय, ईटीसीमध्ये पासडब्लूडी डॉट लॉक, शॅडो डॉट लॉक अशा फाईली पडल्यात का बघा आणि त्या काढा. डॉट पीडब्लूडी डॉट लॉक नावाची एक लपलेली फाईल असते ती कायमचीच असते, तिला हात लावू नका.

दुरुस्तीला हात घालायच्या आधी चारही फाईली आणि त्यांच्या डॅशवाल्या कॉप्या रूटच्या फोल्डरमध्ये (स्लॅश रूट) वेगळ्या ठेवा. सीपी डॅश पी वापरा म्हणजे परवानग्या तशाच राहतात. डेबियन-उबंटूत बहुतेक ठिकाणी व्हार फोल्डरमधल्या बॅकअप्समध्ये याच फाईलींच्या डॉट बॅक नावाच्या रोजच्या कॉप्या पण असतात, त्याही बघून ठेवा.

मग दोन फाईलींतला फरक दाखवणारी डिफ कमांड लावा, आधी डॅशवाली ग्रुप फाईल आणि नंतर चालू ग्रुप फाईल. इथे बहुतेकांचं उत्तर दिसतं. समजा अकाउंटचं नाव दुकान आहे, तर जुन्या फाईलमध्ये सुडोच्या ओळीच्या शेवटी दुकान लिहिलेलं असतं आणि नव्या फाईलमध्ये ती ओळ कोलनवरच संपते. आतून काय होतं, तर युजरमॉड कमांडला मोठा जी दिला आणि सोबत छोटा ए दिला नाही, की ती जुने सगळे जादा ग्रुप काढून फक्त नवी यादी लावते. टूलने यादी अपुरी पाठवली की सुडो गेलं, प्रिंटरचा एलपी-ॲडमिन गेला, सगळंच गेलं. उपाय एका ओळीचा: युजरमॉड, डॅश छोटा ए मोठा जी, स्पेस, सुडो, स्पेस, दुकान. फेडोरावर सुडोच्या जागी व्हील, आणि उबंटू १२.०४ च्या आधीच्या अगदी जुन्या मशीनवर ॲडमिन. बाकीचे ग्रुप जुन्या फाईलमधून बघून तसेच परत जोडा.

ग्रुप ठीक आहेत पण लॉगिन होत नाही? पासडब्लूडी डॅश मोठा एस आणि पुढे युजरचं नाव. दुसऱ्या जागी एल आलं तर पासवर्ड लॉक आहे, पासडब्लूडी डॅश यू ने उघडा. पी असेल तर पासडब्लूडी फाईलमधली त्या युजरची ओळ बघा, कोलनने पाडलेले सात खाने असतात, शेवटच्यात स्लॅश बिन स्लॅश बॅश पाहिजे, तिथे फॉल्स किंवा नो-लॉगिन असेल तर युजरमॉड डॅश एस ने बॅश लावा. सहाव्यात होम फोल्डर बरोबर आहे का तेही बघा. सगळं बरोबर दिसतंय न् तरी स्क्रीन फिरून परत येते तर बऱ्याचदा होममधली डॉट मोठा एक्स ऑथॉरिटी फाईल रूटच्या नावावर गेलेली असते, ती परत युजरच्या नावावर करा. नावच दिसत नसेल तर व्हार, लिब, अकाउंट्स-सर्व्हिस (यात ए आणि एस मोठे), युजर्स या वाटेने जाऊन त्या नावाची फाईल उघडा, त्यात सिस्टिम-अकाउंटपुढे (यात एस आणि ए मोठे) ट्रू असेल तर फॉल्स करा.

युजरच उडालाय आणि होम फोल्डर आहे, हा प्रकार सगळ्यात जास्त घाबरवतो. घाई करून त्याच नावाचा नवीन युजर खिडकीतून करू नका, त्याला नंबर वेगळा मिळू शकतो आणि स्वतःच्याच फाईली उघडेनात. फाईलीवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर असतो. एलएस डॅश एल-एन, पुढे स्लॅश होम, असं टाका, नावाच्या जागी समजा १००१ १००१ दिसलं तर पहिला युजरचा आणि दुसरा ग्रुपचा नंबर. टूलने एवढाच एक बदल केला असेल तर चारही डॅशवाल्या फाईली एकदमच मूळ नावावर कॉपी करा, जुना पासवर्डसुद्धा परत येतो. एकच फाईल जुनी न् बाकी नव्या असं ठेवू नका. तो मार्ग नसेल तर ग्रुपॲड डॅश जी १००१ दुकान, मग युजरॲडला डॅश यू १००१, डॅश जी १००१, डॅश डी ने होम, डॅश एस ने बॅश आणि शेवटी नाव, नंतर पासवर्ड नवा. नवा पासवर्ड दिला की सेव्ह केलेल्या पासवर्डचं कीरिंग जुनाच पासवर्ड मागेल, ते बिघडलेलं नाही, जुना आठवत असेल तर टाका. होम फोल्डर एनक्रिप्ट केलेलं असेल तर मात्र असा बाहेरून पासवर्ड बदलून ते उघडत नाही, तिथे जुनी शॅडो फाईल परत आणणं हाच चांगला रस्ता.

आणि पूर्ण होमवर सीएचमॉड ७७७ मारा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ज्याचं त्याचं खाजगी सगळ्यांना उघडं पडतं, एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायच्या) किल्ल्या चालत नाहीत, आणि मूळ रोग तसाच राहतो. अभ्यासिकेत पोरापोरींचे फॉर्म, आधारचे स्कॅन पडलेले असतात हो त्या फोल्डरांत.

झालं की पीडब्लूसीके आणि जीआरपीसीके चालवा, दोन्हींना डॅश आर दिलं की फक्त चूक दाखवतात, बदलत नाहीत. हाताने ओळ दुरुस्त करायची वेळ आली तर व्हीआय-पीडब्लू आणि व्हीआय-जीआर यातूनच करा. उबंटूवर पासडब्लूडी आणि ग्रुपची परवानगी ६४४, शॅडो आणि जीशॅडोची ६४० अन् ग्रुप शॅडो. मग सिंक टाकून रीबूट, इनिट बदलून आला असाल तर रीबूट डॅश एफ.

लॉगिन झालं की टर्मिनलमध्ये आयडी टाकून ग्रुप मोजून घ्या आणि सुडो डॅश व्ही करून बघा. चाललं तर त्याच बैठकीत ॲड-युजर कमांडने दुसरा एक ॲडमिन युजर करून ठेवा, त्याला सुडोत जोडा, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, आणि पुढचे ग्रुपचे बदल टर्मिनलमधूनच करा, अपडेट येऊन ते टूल सुधारेपर्यंत तरी.