दवाखान्याचं ॲप घरच्या बाईला जमते का, हे तपासायचं कसं

आपल्याकडे लकवा झालेल्या माणसापाशी नर्स कुठे असते, सून असते नाहीतर बायको, तीच दिवसभर कापूस वेचते आणि रात्री मोबाईलवर बीपीची नोंदही तिनंच करायची. म्हणून ॲप तपासायचं तर तिच्या घरी जा, तिच्याच मोबाईलवर, स्वयंपाक आटोपल्यावर. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसवून नवाकोरा टॅब हातात दिला की सगळ्यांनाच जमल्यासारखं दिसते.

पाच जणी पुरतात सुरुवातीला. ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या आहेत का याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० मध्येच लिहून ठेवलं की एवढ्यातच बहुतेक अडचणी उघड्या पडतात, मग दुरुस्त करून पुन्हा पाच जणींकडे जायचं. पण पाचही शिकलेल्या नको, एक तरी अशी पाहिजे जिला वाचायला वेळ लागते.

आधी सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. मग काम द्या. "नोंद बटण दाबा" असं सांगितलं की उत्तरच सांगून टाकलं न, म्हणून म्हणायचं, "आजचा बीपी लिहून ठेवा, आणि करता करता मनात येईल ते बोलत राहा." नंतर चूप बसा. हे लय जड जाते, हात शिवशिवतात, पण मदत करू नका.

माझ्या मामीचं सांगतो. मामाचा बीपी मोजला, मशीनवर तीन आकडे, १५०, ९४ आणि नाडीचे ७२. ॲपमध्ये शब्द होते आकुंचन दाब, प्रसरण दाब. मामी म्हणे, "यात वरचा कोणता अन् खालचा कोणता?" मी बोललो नाही. तिनं १५० बरोबर टाकले आणि खालच्या चौकटीत मशीनवरचा सगळ्यात खालचा आकडा टाकला, ७२. हिरवी खूण आली, मामी खुश. डॉक्टरला मात्र १५०/९४ च्या जागी १५०/७२ दिसणार. म्हणून वहीत दोन रकाने करा, कुठे अटकली आणि कुठे चुकली पण तिला कळलंच नाही. दुसरा रकाना आधी दुरुस्त व्हायला पाहिजे, कारण अटकलेली बाई कोणाला तरी विचारते, न कळता चुकलेलीला तर विचारायचं आहे हेच माहीत नसते.

ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो तेही पाहा, कित्येक घरी नंबर पुण्यात कामाला गेलेल्या पोराचा असतो. नोंद अर्धी झाली की नेट बंद करून पाहा, लिहिलेलं राहते की उडते.

शेवटी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) घ्या, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी जॉन ब्रुक यांची १९८६ ची प्रश्नावली, दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, अजिबात पटत नाही तर १, पूर्ण पटते तर ५. विषम वाक्याच्या गुणातून १ वजा, सम वाक्याचे गुण ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. गुण ० ते १०० मध्ये येतात, सरासरी ६८ धरतात, पण ते टक्के नाहीत. सम वाक्यं उलटी, म्हणजे ॲपची खोट सांगणारी असतात, ती सावकाश आपल्या बोलीत वाचून दाखवा. आणि पाहुण्यासमोर कोणी वाईट बोलत नाही, मामीनंही "मस्त आहे" म्हटलं होतं, म्हणून या आकड्यापेक्षा तुमच्या दोन रकान्यांवर जास्त भरोसा ठेवा.

आठ दिवसांनी पुन्हा जा, न सांगता नाही, फोन करून. ॲपमध्ये किती नोंदी झाल्या ते पाहा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागेही पाहा, बीपी तिथे पेनानं लिहिलेला असला तर ॲप का सोडलं ते तिलाच विचारा.