बॉयसी पाहताना नदीकाठची वाट धरावी
अमेरिकेतील आयडाहो राज्याची राजधानी असलेले बॉयसी शहर गाडीतून पाहण्यापेक्षा ग्रीनबेल्ट या नदीकाठच्या वाटेने पायी किंवा सायकलवर पाहावे, कारण सुमारे ४० किलोमीटरच्या या वाटेला शहरातील बहुतेक मोठी उद्याने लागूनच आहेत. सुरुवात ज्युलिया डेव्हिस पार्कपासून करावी. टॉम डेव्हिस यांनी १९०७ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या जमिनीवर हे उद्यान उभे असून राज्याचे इतिहास संग्रहालय आणि प्राणिसंग्रहालयही तेथेच आहे. इतिहास संग्रहालय मुळीच चुकवू नये; १८६२ मध्ये जवळच्या डोंगरात सापडलेले सोने, पुढच्याच वर्षी उभारलेले लष्करी ठाणे आणि लुईस्टनहून येथे हलवलेली राजधानी हा क्रम समजला की शहराची रचनाही उलगडते. तेथून कॅपिटल बुलेव्हार्डने उत्तरेला चालत गेल्यास राज्याचे विधानभवन लागते, जे जमिनीखालून मिळणाऱ्या नैसर्गिक गरम पाण्याने उबदार ठेवले जाते.

ऋतूचा विचार मात्र आधी करावा. वसंतात डोंगरांतील बर्फ वितळून वरच्या लकी पीक धरणातून विसर्ग वाढला की वाटेचे सखल भाग पाण्याखाली जातात, म्हणून एप्रिल ते जून या काळात निघण्यापूर्वी बंद भागांची माहिती घ्यावी. बार्बर पार्क ते अ‍ॅन मॉरिसन पार्क हा तराफ्यावरचा प्रवास उन्हाळ्यात, प्रशासनाने परवानगी जाहीर केल्यावरच करावा, आणि पाणी तेव्हाही थंडगार असल्याने मुलांना लाइफ जॅकेट न चुकता घालावे.