ओकिनावाच्या डोजोत जाताय? ‘ओस’ ठोकण्याआधी हे वाचा, या चुका टाळा

आपल्याकडे आठ-दहा वर्षं कराटे केलं की वाटतं आपल्याला सगळं येतं. मी ओकिनावाची राजधानी नाहातल्या एका छोट्या डोजोच्या (कराटे शिकायच्या हॉलच्या) दारात उभा राहून सवयीने खणखणीत ‘ओस’, म्हणजे कराटेवाल्यांचा नमस्कार, ठोकलं, आत चार म्हातारे घाम गाळत होते, चौघांनी वळून पाहिलं आणि परत कामाला लागले. ‘ओस’ मेनलँड जपानकडून जगभर पसरलं, ओकिनावाच्या बऱ्याच जुन्या डोजोंत साधं ‘हाय’ म्हणतात, म्हणजे ‘हो’. सुरुवातीला ‘ओनेगाई शिमासु’ (कृपया शिकवा), शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’ (आभारी आहे), बास झालं.

बूट काढून त्यांची टोकं दाराकडे करून ठेवायची. उशीर झाला तर गुपचूप लाईनीत घुसायचं नाही, दारापाशी सेइझात (गुडघे दुमडून टाचांवर) बसायचं आणि सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, मान हलवली की मगच उठायचं. नखं कापलेली, गी (कराटेचा पोशाख) धुतलेला, हे काय सांगायचं, पण सांगावं लागतं.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक साफसफाईची. क्लास संपला, मी बाटली काढून पाणी पीत उभा, आणि सत्तरीतले एक सीनियर ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून वाकून पळत लादी पुसतायत! कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. फडकं कुठे असतं ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

आता ट्रेनिंग. सान्चिन हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करताना चेहरा लाल, मानेच्या शिरा फुगल्या, डोकं जड झालं, तर समजा तुम्ही गळा आवळताय. श्वासाचा आवाज मोठा म्हणजे सान्चिन भारी असं काही नसतं. ताकद पोटात, खांदे खाली, माकडहाड आत, पावलांची टोकं थोडी आतल्या बाजूला, आणि श्वास कधीच कोंडायचा नाही, बीपी असेल तर मुळीच नाही. सेन्सेई खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थापट्या मारतात त्याला शिमे म्हणतात, तो मार नसतो, कुठे ढिलं पडलंय ते हाताने तपासतात.

आणि ‘आमच्याकडे असं नाही’ हे वाक्य घरी ठेवून जा. कराटेच्या दोन शैली घ्या. गोजू-र्‍यूत सान्चिन मुठी वळून करतात, उएची-र्‍यूत उघड्या हातांनी. गोजू-र्‍यूवाले मियागी चोजुन यांचे गुरू हिगाओन्ना कानर्‍यो आणि उएची-र्‍यूवाले उएची कानबुन, दोघंही चीनच्या फुजियान प्रांतात शिकून आलेले, तरी काताचं नाव एक आणि हात वेगळे. ‘रिकामा हात’ या अक्षरांनी ‘कराटे’ लिहायचं हे सुद्धा नाहाच्या बैठकीत 1936 साली ठरलं, त्याआधी ‘चिनी हात’ असंही लिहायचे. मग बरोबर कोण? ज्यांच्या डोजोत उभे आहात ते.

मकिवारा, म्हणजे ठोसे मारायची फळी. घरी करून बघणारे फळी थेट भिंतीला ठोकतात आणि वर दोरी गुंडाळतात, ती वाकतच नाही, मग सगळा दणका मनगटात आणि कोपरात. खरी फळी जमिनीत गाडलेली, खाली जाड आणि वर पातळ, धक्का दिला की मागे जाऊन परत येणारी. मनगट सरळ, पहिल्या दोन बोटांचे सांधेच लागले पाहिजेत. पहिले काही आठवडे हलक्या हाताने वीस-वीस ठोसे पुरेत, कातडी फाटली की थांबा. करंगळीकडचा सांधा दुखतोय म्हणजे मूठ तिरकी बसतेय, जोर वाढवून ते सुधारत नाही.

चीईशी, म्हणजे दांड्याला लावलेला दगड (हल्ली सिमेंटचाच असतो), तो डंबेलसारखा झटके देऊन फिरवला की खांदा गेलाच म्हणून समजा, हळू फिरवा आणि पकड दांड्याच्या टोकाऐवजी दगडाजवळ घ्या. निगिरीगामे, म्हणजे पकडीच्या व्यायामाची मडकी, त्यांचं तसंच, त्यांच्या काठाला फक्त बोटांनी धरून चालायचं असतं, आणि लोक पहिल्याच दिवशी त्यात वाळू भरतात. रिकामी मडकी घेऊन डोजोच्या चार फेऱ्या मारा, पाचवीला बोटं आपोआप उघडायला लागतात, आणि मडकं फुटलं तर ते झाडायचं कामही तुमचंच.