बोटाला क्लिप, पडद्यावर फुगा: आवाज ऐकू येणाऱ्यांसोबत बायोफीडबॅक गेम कसा खेळावा

सोलापूरच्या पूर्व भागात मानसिक आजारातून सावरणाऱ्यांचं एक डे केअर सेंटर आहे, तिथे मी समुपदेशक आहे. येणारे बहुतेक यंत्रमागावर नाहीतर विडीवर पोट असलेल्या घरांतले, निदान स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळपासचं. त्यांच्या घरचे विचारतात, 'म्याडम, तो कॉम्प्युटरचा गेम घरी खेळवू का?' त्यांच्यासाठी हे लिहितेय. बायोफीडबॅक म्हणजे शरीरात काय चाललंय ते पडद्यावर बघत ते आवरायला शिकणं: बोटाला क्लिप लावायची, श्वास संथ झाला की पडद्यावरचा फुगा वर जातो.

या गेमने कुणी नसताना ऐकू येणारे आवाज बंद होत नाहीत, संशयही जात नाही. त्यासाठी गोळ्या आणि डॉक्टर. गेममधून एवढंच शिकायचं की अंगात ताण चढतोय हे ओळखावं आणि तो थोडा उतरवावा. ताण वाढला की पुष्कळांचे आवाजही चढतात, म्हणून तेवढंही कामाचं. तरी आधी डॉक्टरांना विचारा. नुकतीच गोळी बदललीय, रात्रीची झोप उडालीय, बोलणं भरकटतंय, अशा दिवसांत हे सुरूच करू नका.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. क्लिपमधला दिवा बोटातल्या रक्ताची ये-जा टिपतो. श्वास संथ झाला, बहुतेकांचा मिनिटाला सहाच्या आसपास आला, की ठोक्यांचा हा चढउतार मोठा आणि एकसारखा होतो. गेम तेवढंच बघतो आणि फुगा वर नेतो. दुसऱ्या प्रकारचे गेम बोटांच्या घामावर चालतात. ते मी वापरत नाही. एक तर आपल्याकडचा एप्रिल-मे! दुसरं, हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी घाम कमी करते. मग माणूस कितीही घाबरलेला असो, पडद्यावर काही हलत नाही.

खरं काम क्लिप लावण्याआधीचं आहे. ज्याला वाटतं की लोक आपल्या मनातलं वाचतात, त्याच्या बोटाला वायर लावायची म्हणजे काय, याचा विचार करा. आमच्याकडच्या एका तरुणाने क्लिप उलटीपालटी करून बघितली, वायर कुठे जाते ते टेबलाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, 'ह्याच्यातनं कुणी ऐकतंय काय?' मी 'छे, काहीतरीच काय' म्हटलं नाही. क्लिप उघडून आतला लाल दिवा दाखवला, स्वतःच्या बोटाला लावली, मुद्दाम भरभर श्वास घेऊन माझा फुगा पाडला. मग त्याच्या आईच्या बोटाला. इंटरनेट बंद केलं, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवला. त्या दिवशी त्याने क्लिप लावलीच नाही, नुसता बघत बसला. चालतं. घरी हाच क्रम ठेवा: आधी तुमचं बोट, मग त्याचं, तेही त्याने हात पुढे केला तर.

गेम निवडताना माझी चाळणी कडक आहे. माणसाचा आवाज असलेला गेम नको, टक लावून बघणारे डोळे नकोत, 'आम्हाला तुझं मन कळतं' असल्या ओळी तर मुळीच नकोत. लखलखणारे दिवेही नकोत, कारण या आजारावरच्या क्लोझॅपिनसारख्या औषधाने फिट येण्याचा धोका वाढतो. गुण दिसण्याची सोय बंद करता आली तर करा. गुण दिसले की घरातलं कुणीतरी 'परवा जास्त होते की' म्हणतंच, आणि मग श्वास कसला संथ होतो!

बसवताना डोळे उघडे, पाय जमिनीला, हेडफोन नाही. डोळे मिटून आत लक्ष द्यायला सांगितलं की काहींचे आवाज जास्तच मोठे होतात. शेजारी माग चालू असेल तर ती खटखट बंद असेल अशी वेळ निवडा. आधीचा अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखू नको, दोन्हींनी ठोके वाढतात. वायर लावलेली असताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून. सुरुवातीला पाच मिनिटं बस झाली. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. खोल नव्हे, संथ. जोरजोरात श्वास ओढला तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

क्लोझॅपिन घेणाऱ्यांचे ठोके बसल्या बसल्याही शंभरापर्यंत जातात, म्हणून पडद्यावरचा 'नॉर्मल' विसरा. त्याचं माप त्याच्याशीच. पाय सारखे हलत असतील, एका जागी बसवत नसेल, तर त्याला आळस समजू नका. औषधाने तसं होऊ शकतं, डॉक्टरांना सांगा.

वहीत खेळाआधी आणि नंतर ताण शून्य ते दहा किती, ते त्याने स्वतः लिहावं. वही त्याची. पाहुण्यांना दाखवू नका. उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दिलाय.

'फुगा मला काहीतरी सांगतोय' असं तो म्हणाला, आवाज वाढले, चिडला, की क्लिप काढा, वाद घालू नका, पाणी द्या, डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री अडलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका वाटला तर फोनवर थांबू नका, थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

फुगा सहज वर जायला लागला की पडदा झाका आणि तोच श्वास नुसत्या क्लिपवर घ्यायला सांगा, पुढे क्लिपही काढा. मग बाहेर: आधी गल्लीतलं किराणा दुकान, मग रिक्षा, मग मंगळवार बाजार. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सर्वात शेवटी, आणि 'नको' म्हणाला तर नको.