परतीच्या वाटाघाटी कशा वाचाव्यात : भूतानी निर्वासितांचे प्रकरण

दीर्घकाळ रेंगाळलेला निर्वासितांचा प्रश्न अभ्यासासाठी हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा त्यावर लिहू पाहणाऱ्या नव्या पत्रकाराला पहिली अडचण येते ती कागदांच्या ढिगाची. बैठकांच्या फेऱ्या, संयुक्त निवेदने आणि समित्यांचे अहवाल तारीखवार वाचत गेल्यास बरेच काही घडत असल्याचा भास होतो. छावणीतील माणसे मात्र जागची हललेली नसतात. अशा प्रकरणाचा माग कसा काढावा, हे येथे एका उदाहरणावरून मांडले आहे. भूतानमधून बाहेर पडावे लागलेले आणि पूर्व नेपाळमधील छावण्यांत दीड-दोन दशके राहिलेले नेपाळीभाषक ल्होत्शांपा हे ते उदाहरण होय. ते निवडण्याचे कारण असे की, त्यातील वाटाघाटींचा प्रारंभ, त्यांची कोंडी आणि त्यानंतरचे परिणाम हे सगळे आज एकत्र पाहता येते.

अभ्यासाची सुरुवात लोकांनी सीमा ओलांडली त्या दिवसापासून करू नये. नागरिकत्वाच्या कायद्यापासून करावी. भूतानच्या 1958 च्या कायद्याने दक्षिणेतील अनेक ल्होत्शांपांना नागरिकत्व मिळाले होते. 1985 च्या कायद्याने निकष कडक केले : जन्माने नागरिक ठरण्यासाठी आई आणि वडील दोघेही भूतानी असणे आवश्यक झाले, आणि नोंदीच्या आधारे नागरिकत्व हवे असल्यास 31 डिसेंबर 1958 रोजी किंवा त्यापूर्वी देशात वास्तव्य असल्याचे दाखवावे लागू लागले. 1988 च्या जनगणनेत दक्षिण भूतानमधील लोकांची एफ-1 (अस्सल भूतानी) ते एफ-7 (बिगर-नागरिक) अशा सात गटांत विभागणी झाली. ज्यांच्याकडे 1958 सालची सारा भरल्याची पावती नव्हती, त्यांचे नागरिकत्व धोक्यात आले. आपल्याकडे ज्यांनी घरातील जुन्या कागदांच्या पेटीत आजोबांच्या काळची एखादी पावती शोधली असेल, त्यांना नेमक्या एका वर्षाचा कागद मागण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. पुढे 1989 मध्ये राष्ट्रीय वेश व आचारसंहितेची सक्ती झाली, शाळांतून नेपाळी भाषा काढण्यात आली, 1990 मध्ये निदर्शने व दडपशाही झाली, आणि अनेक कुटुंबांकडून आपण स्वखुशीने देश सोडत असल्याच्या अर्जांवर सह्या घेण्यात आल्या. या अर्जांची आठवण पुढे ठेवावी, कारण वाटाघाटींच्या टेबलावर तेच पुन्हा येणार आहेत.

दुसरी पायरी म्हणजे वाटाघाटीतील वर्गवारी शोधणे, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. निवेदनातील ‘न्याय्य’, ‘चिरस्थायी’, ‘सौहार्दपूर्ण’ या विशेषणांवर वेळ घालवण्याऐवजी माणसांची विभागणी कोणत्या रकान्यांत केली जाणार आहे आणि ती कोण करणार आहे, हे पाहावे. नेपाळ आणि भूतान यांच्या मंत्रिस्तरीय संयुक्त समितीने 1993 मध्ये चार वर्ग मान्य केले : जबरदस्तीने हाकललेले खरे भूतानी, स्वखुशीने देश सोडून गेलेले भूतानी, भूतानी नसलेले लोक आणि गुन्हे केलेले भूतानी. वरवर पाहता ही निरुपद्रवी प्रशासकीय सोय वाटते. परंतु ज्यांच्याकडून ‘स्वखुशी’च्या अर्जावर सही घेतली होती, त्यांना दुसऱ्या वर्गात बसवण्याची तरतूद या रचनेतच होती, आणि ती नेपाळने स्वीकारली. त्यानंतर अनेक वर्षे चर्चा झाल्या. तरी या स्वीकृतीचे परिणाम पुसता आले नाहीत.

वर्गवारी सापडली की तिची प्रत्यक्ष अंमलबजावणी कुठे झाली हे शोधावे. येथे ती 2001 मध्ये झापा जिल्ह्यातील खुदुनाबारी या एकाच छावणीत झाली. छावण्या सात होत्या आणि त्यांतील लोकसंख्या एक लाखाच्या घरात होती. पडताळणी झाली ती सुमारे 12 हजार लोकांची. जून 2003 मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा जबरदस्तीने हाकललेले असे केवळ अडीच टक्क्यांच्या आसपास लोक ठरले, सुमारे 70 टक्के लोक स्वखुशीने गेलेले ठरले, जवळपास 24 टक्के भूतानी नसलेले आणि उरलेले सुमारे तीन टक्के गुन्हेगार ठरले. दुसऱ्या वर्गातील लोकांना परतल्यावर नागरिकत्वासाठी नव्याने अर्ज करावा लागणार होता, म्हणजेच ज्या अर्जाने त्यांचा देश गेला, त्याच्याच जोरावर त्यांना परक्यासारखे दारात उभे केले जाणार होते. डिसेंबर 2003 मध्ये भूतानचे अधिकारी या अटी समजावून सांगण्यासाठी छावणीत गेले, तेव्हा संतप्त जमावाने दगडफेक केली, अधिकारी निघून गेले आणि प्रक्रिया थांबली ती कायमची. अनेक वृत्तान्तांत वाटाघाटी ‘दगडफेकीमुळे’ फिसकटल्याचे लिहिलेले आढळते. हिंसेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण दहा वर्षांपूर्वी मान्य झालेल्या चार रकान्यांचा उल्लेख केल्याशिवाय तो दिवस सांगणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

तिसरे काम : टेबलाभोवती कोण नव्हते याची नोंद करावी. पडताळणी पथकात दोन्ही सरकारांचे अधिकारी होते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, जी छावण्या चालवत होती, तिला त्यात स्थान नव्हते आणि निर्वासितांचे प्रतिनिधीही नव्हते. याहून मोठी अनुपस्थिती भारताची होती. भूतान आणि नेपाळ यांची सीमा एकमेकांना लागत नाही. मध्ये भारताची भूमी आहे. निर्वासित भारतातून गेले आणि परत जायचे तर वाट भारतातूनच होती. 1949 च्या करारानुसार भूतानच्या परराष्ट्र धोरणात भारताच्या सल्ल्याला स्थान होते, आणि ती तरतूद 2007 मध्ये बदलली. तरीही हा प्रश्न नेपाळ आणि भूतान यांनी आपसात सोडवावा, हीच भारताची भूमिका राहिली. मायदेशी निघालेल्या निर्वासितांचे मोर्चे नेपाळ-भारत सीमेवरील मेची नदीच्या पुलावर भारतीय सुरक्षा दलांनी अडवले. भूतानशी असलेली मैत्री भारतासाठी किती मोलाची आहे हे मान्य करूनही, ही भूमिका तटस्थ होती असे मला म्हणता येत नाही, कारण वाट ज्याच्या अंगणातून जाते त्याने बाजूला राहणे हाही एका पक्षाला लाभणारा निर्णय असतो. भारतीय वाचकांसाठी लिहिताना हा भाग गाळू नये.

कायदेशीर चौकट थोडक्यात तपासली तरी पुरते. नेपाळ, भूतान आणि भारत या तिघांपैकी कोणीही 1951 च्या निर्वासितविषयक कराराचा पक्ष नाही, त्यामुळे येथे बहुतेक गोष्टी द्विपक्षीय मर्जीवर चालल्या.

त्यानंतर पर्यायी मार्ग कधी व का पुढे आला ते पाहावे. मायदेशी परतणे, आश्रय दिलेल्या देशात सामावणे आणि तिसऱ्या देशात पुनर्वसन हे तीन मार्ग मानले जातात. पहिला भूतानने रोखला आणि दुसरा नेपाळने नाकारला. 2006 मध्ये अमेरिकेने 60 हजारांपर्यंत लोकांना घेण्याची तयारी दर्शवली. नंतर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स आणि ब्रिटन हे देशही सहभागी झाले. एक लाखाहून अधिक लोक या आठ देशांत गेले, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत. मुलांना शाळा आणि मोठ्यांना पासपोर्ट मिळाले, हे यश खरे आहे आणि ते कमी लेखू नये. मात्र यशाच्या आकड्यांबरोबर दोन गोष्टी लिहाव्यात. भूतानवरचा परतीचा दबाव जवळपास संपला. आणि बेलडांगी व सनिश्चरे या छावण्यांत काही हजार लोक मागे राहिले, त्यांतील कित्येकांना परदेश नव्हे, भूतानमधील आपले गावच हवे होते.

शेवटी, प्रकरण बंद झाल्याची घोषणा ऐकली तरी टिपण बंद करू नये. 2023 मध्ये नेपाळी नागरिकांना बनावट भूतानी निर्वासित दाखवून अमेरिकेला पाठवण्याचे आमिष दाखवल्याचा घोटाळा काठमांडूत उघड झाला आणि माजी मंत्र्यांना अटक झाली. 2025 च्या वसंत ऋतूत अमेरिकेने पुनर्वसित ल्होत्शांपांपैकी काही जणांना हद्दपार करून भूतानला पाठवले. भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर सोडले आणि त्यांतील काही जण पुन्हा नेपाळमधील छावणीत पोहोचले. या घटनेचा पाठपुरावा करणाऱ्याने संबंधित राजधान्यांना विचारायचा प्रश्न एकच आहे : विमानातून उतरलेल्या या माणसांची नोंद आज कोणत्या देशाच्या दप्तरात, कोणत्या रकान्यात आहे?